दुभाष्याचं बिऱ्हाड

कोट्का. नदीकाठची कागद गिरणी. फेब्रुवारी.
बाहेर उणे एकवीस, यंत्रखोलीत बारमाही अठरा,
कारण यंत्राला थंडी सोसत नाही.
मला कोण विचारतं.

पाउली म्हणाला, इर्मेली, नवी पोरं जुन्या आज्ञा शिकत नाहीत,
त्यांना ती सुटसुटीत भाषा हवी, घरी शिकलेली.
मी म्हटलं, मग भाषेलाच इथे आणू.
किती दिवस?
हिवाळा, म्हटलं.

भाषा म्हणजे शेवटी एक दुभाष्या:
ओळ वाचतो, अर्थ लावतो, यंत्राच्या कानात सांगतो.
ह्याच्या पोटात एक लाख दहा हजार ओळी,
आणि प्रत्येकीला वाटतं
जग सगळीकडे आपल्याच गल्लीसारखं.

तिकडे वाटा तिरक्या रेघांनी लिहितात,
इथे कंसात, ठिपके देत.
तिकडे जाताना 'एक' म्हटलं की घात झाला;
इथे विषम आकडा म्हणजे यश.
पहिला महिना दुभाष्या रोज तोंडावर आपटायचा
आणि यंत्र दरवेळी म्हणायचं, छान झालं.

तिकडे चालता चालता एक काम
स्वतःची हुबेहूब प्रत काढतं,
आणि दोघं पुढे निघतात, आठवणींसकट.
इथे ती विद्या नाही.
इथे मूल जन्मतं ते रिकाम्या हातांनी.
कुठून आलास, कुणाचा, काय करायचंय,
सगळं चिठ्ठीवर लिहून गळ्यात अडकवावं लागतं.

(आईच्या गळ्यातही होती पुठ्ठ्याची चिठ्ठी.
चव्वेचाळीस साल, काकिसाल्मीहून निघालेली मालगाडी,
ती सात वर्षांची, शेजारी उभी गाय.
इथल्या शाळेत तिच्या बोलण्याला पोरं हसली,
मग ती दोन वर्षं कमीच बोलली.)

मार्च. नदीवरचा बर्फ रात्री कण्हतो.
थर्मासमधली कॉफी, कडक काळा पाव,
आणि चौदाशे सहा चाचण्या, एकेक पास होत जाणाऱ्या.
इथे फाईल पुसून वर लिहीत नाहीत;
जतन केली की नवा क्रमांक, जुनी तिथेच.
माझी एक फाईल एकशे अठरावर पोचली,
तिच्या मागे माझ्या सगळ्या चुका रांगेत उभ्या.
झाडून टाकायची आज्ञा एका शब्दाची आहे.
मी देत नाही.

शेवटी एकच चाचणी अडली: तारखा.
दुभाष्याचा काळ सत्तर सालच्या पहिल्या मध्यरात्री सुरू होतो,
त्याआधीचं सगळं उणे.
ह्या यंत्राचं घड्याळ मात्र अठराशे अठ्ठावन्नपासून चालतं,
नोव्हेंबरच्या सतरा तारखेपासून,
आणि तरी मधला कारकून, सी चं ग्रंथालय,
उणे आकडा घ्यायला तयार नाही.
म्हणतो, सत्तरच्या आधी कुणी नव्हतंच.

कारकुनाला बाजूला केलं.
थेट यंत्राला विचारलं, दहा ओळी, फार सुंदर नाहीत.
मग कुठली तारीख घालून बघावी?
हात आपोआप गेले:
तीन मार्च, एकोणीसशे सदतीस.

पडद्यावर आलं: बुधवार.

आई आयुष्यभर सांगत आली, मी रविवारची,
रविवारचं मूल, म्हणून नशीबवान,
म्हणून त्या गाडीतूनही जगले.
मी दहाही ओळी पुन्हा तपासल्या.
लीप वर्षं बोटांवर मोजली.
कपाटातलं जुनं पंचांगासारखं पुस्तक काढलं.
बुधवार.

सकाळी पाळी संपल्यावर फोन केला.
तिने ऐकून घेतलं. चमचा कपात फिरल्याचा आवाज.
मग म्हणाली,
तुमच्या इकडे असेल बुधवार.
तिथे रविवार होता.

मी चाचणी पास धरली,
आणि फाईल जतन केली.
एकशे एकोणीस.